काडीच्या आतली चरबी

४ नोव्हेंबर, मंगळवार

आज ढोल्याच्या पोटावर गमतीने थापटी मारली आणि तेव्हापासून जिवाला घोर लागलाय.

दुपारी तो नाटकगृहाच्या मागच्या खोलीत आला होता, मी काम करते तिथे. बरेच दिवस फिरकला नव्हता. घरात तान्हं बाळ, त्यामुळे मीही उगाच त्यांच्यात लुडबुड नको म्हणून गेले नव्हते. आल्या आल्या मी नेहमीसारखी सुरू झाले. बाप झालास आणि पोट सुटलं, बायकोने खाऊ घालून घालून पिंप केलंय तुझं, वगैरे. ढोल्या हे माझ्या धाकट्या भावाचं लहानपणचं नाव, कारण तो गुटगुटीत होता. मी काडी, कारण मी काडीच होते. अजून आहे. नाटकातले लोकसुद्धा मला काडीबाई म्हणतात, आणि माझा धंदा काय, तर नटांना खोटी पोटं शिवून देणं. हडकुळ्या नटाला शेठजी करायचा असला की त्याला माझ्याकडे पिटाळतात.

इतकी पोटं शिवल्यावर मला पोटातलं कळतं असा माझा समज आहे. एक पोट लोंबतं, पट्ट्यावरून ओघळतं, चिमटीत धरता येतं. त्याला मी कापूस भरते. दुसरं पुढे ताठ उभं राहतं, टणक, चिमटीत काही येत नाही. त्या माणसाची चरबी कातडीखाली नसते, आत आतड्यांभोवती बसलेली असते. हे मला एका नटाने सांगितलं होतं, दिवसा तो डॉक्टरकी करायचा. त्या पोटाला स्पंज दाबून भरावा लागतो.

ढोल्याचं पोट या दोन्हींतलं नव्हतं. एका बाजूला थापटी मारली तर आत काहीतरी हललं आणि दुसऱ्या बाजूला पोचलं. दंड मात्र माझ्यासारखे झालेत. सदरा खांद्यावरून लोंबत होता. डोळे पिवळट दिसले. विचारलं तर म्हणाला, झोप नाही गं ताई, बाळ जागवतं. मी हसले. पण हाताला लागलेलं ते काही जात नाही.

९ नोव्हेंबर

पाणी आहे. पोटात पाणी साचलंय. लहानपणी त्याला कावीळ झाली होती, मीच उशाशी बसून असायची. ती बरी झाली असं आम्ही सगळेच समजून चाललो. ती कुठली जायला. इतकी वर्षं आत यकृत कुरतडत बसली होती, आणि आता त्यात काही राम उरलेला नाही.

इस्पितळातल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी सरळच सांगितलं. घरच्या कोणी आपल्या यकृताचा तुकडा दिला तर हा वाचेल. देणाऱ्याचं पुन्हा भरून येतं. भावजयीने विचारलं, आणि नाही मिळाला तर? बाई म्हणाल्या, काही महिने, तेही खात्रीने नाही. मी म्हटलं, माझा घ्या, आत्ता झोपू का? त्या म्हणाल्या आधी तपासण्या. भावजय माझा हात धरून रडली. आमचं दोघींचं तसं फार गूळपीठ नाही, पण आज मी हात सोडवून घेतला नाही.

ढोल्या म्हणतो, तुझ्या अंगात आहे काय ताई, तुकडा काढला तर तूच संपशील. कसं हसू येतं या माणसाला.

१५ नोव्हेंबर

भावजयीनेही तपासणीचा हट्ट धरला होता. मी मनात म्हटलं, बाई गं, आरशात बघ जरा. ती चांगली भरलेली आहे, बाळंतपणानंतर तर सगळीकडून. आज निकाल आला. तिचं यकृत स्वच्छ आहे म्हणे, चरबीचा ठिपका नाही. मला खोटं वाटतं. पण रक्तगट जुळत नाही, आणि बाळ अंगावर पितंय. म्हणजे ती बाद.

आई-बाबा नाहीत. चुलत्यांचं नाव काढायला नको. उरले मी. खरं सांगू, आतून बरं वाटलं. बारीक राहिल्याचं आयुष्यात कधीतरी सार्थक होणार.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

चरबी माझ्या यकृतात आहे.

डॉक्टरीणबाई बोलत होत्या आणि मला हसूच आवरेना. यंत्राने काढलेलं चित्र बदललं असेल म्हटलं, पुढच्या माणसाचं दाखवताय. त्यांनी नाव वाचून दाखवलं. माझंच. कापून काढण्याजोगं नाही, इतकी चरबी आहे. असा तुकडा त्याच्या अंगात धरणार नाही आणि मलाही धोका.

मी म्हटलं, अहो, माझ्या अंगावर चिमटीत धरायला काही नाही. त्या म्हणाल्या, तेच तर. कातडीखालची चरबी म्हणजे घरातला माळा. ज्याचा माळा मोठा, त्याचं जास्तीचं सामान वर जाऊन पडतं, स्वयंपाकघर मोकळं राहतं. तुमच्या भावजयीचं तसं आहे. तुमचा माळाच लहान. म्हणून थोडंसं जास्तीचं आलं तरी ते स्वयंपाकघरात साचतं. बाहेरून कोणाला दिसत नाही.

खरंच, बाहेरून कोणाला दिसत नाही. मला चाळिशी उलटेपर्यंत लोकांनी डोळे मिचकावून विचारलंय, तू काय वारा खातेस? आणि मी मिरवलंय. रिकाम्या पोटी गोड चहाचे पेले रिचवत शिवणयंत्रावर बसायचं, हे माझं जेवण. त्याची चरबी आत साठत होती आणि मी दुसऱ्यांच्या पोटांना नावं ठेवत होते.

पण बाई म्हणाल्या, यकृतातली चरबी लवकर येते तशी लवकर जातेही. महिन्याभराने पुन्हा बघू. म्हणजे माझ्या हातात आहे. मी घालवणार.

२२ नोव्हेंबर

आहार सांगणारी मुलगी भेटली. माझ्या मुलीच्या वयाची, मला मुलगी असती तर. म्हणे अंडी खा, डाळी खा, मासे, दाणे, भाज्या, थोडं तेलसुद्धा चालेल, आणि रोज भरभर चाला. साखर बंद. मी मान हलवली. मनात म्हटलं, चरबी घालवायला तेल आणि दाणे खायचे, असा उफराटा कारभार कुठे बघितला नाही. हिचं शिक्षण नवं आहे, हिला काय.

मी ठरवलं की तेल, लोणी, दूध, अंडं, सगळं बंद. चरबी आत जाऊच द्यायची नाही, मग साठेल कुठून?

संध्याकाळी भावजय आली, बाळ पोटाशी बांधलेलं, हातात पिशवी. तिला शेजारणीने सांगितलंय की फळांच्या रसाने यकृत धुऊन निघतं. द्राक्षं, सफरचंद, संत्री, त्यात मध. सकाळी इस्पितळात जायच्या आधी रोज आणून देईन म्हणाली. तिच्या पायाला सूज आहे, झोप नाही, आणि ही माझ्यासाठी संत्री सोलत बसणार. मी म्हटलं कशाला. ती म्हणाली, "ताई, मला स्वतःचं काही देता येत नाही. एवढं तरी करू द्या."

मला भरून आलं. दोन मोठ्या बाटल्या. चवीला छान आहे.

१ डिसेंबर

वजन उतरतंय. कपडे सगळे ढगळ झाले. आज नव्या नाटकातल्या मुनीमजीचं पोट शिवत होते आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. दिग्दर्शक म्हणाला, काडीबाई, आता वाऱ्याने उडाल. मी म्हटलं, उडू दे. जेवण जवळजवळ सोडलंय. भूक लागली की बाटली तोंडाला लावते, तरतरी येते. दुपारी बाटली संपली तर बाहेर जाऊन आणखी एक पेला घेते, मध घालून.

भावजयीने आज मला जवळ घेतलं. तुम्ही आमच्यासाठी उपाशी राहताय, म्हणाली. तिच्या अंगाला दुधाचा वास येतो. मी तिला या आधी कधी इतकं जवळून पाहिलंच नव्हतं. वाईट नाही ती. बडबडी आहे, इतकंच.

७ डिसेंबर, रविवार

ढोल्या घरी होता, पाणी काढून पाठवलं होतं. खिडकीशी बसून बाळाला निजवत होता. थंडी मरणाची. आम्ही मोठी माणसं स्वेटरात कुडकुडतोय आणि छकुली दुपटं लाथाडून उघडी पडलेली, गरमागरम. मी काळजीने पांघरूण ओढलं तर तो म्हणाला, राहू दे, लहान बाळांच्या पाठीत वेगळी चरबी असते, तपकिरी. ती साठत नाही, जळते आणि ऊब देते. म्हणून ती कुडकुडत नाहीत. आहारवाल्या मुलीने सांगितलंय त्याला. त्याचं तिच्याशी चांगलं जमतं.

मग म्हणाला, मोठेपणी ती बरीचशी संपते. पोरीच्या पाठीवर त्याने हात ठेवला. हात केवढासा झालाय त्याचा. मला तिथे बसवेना, भांडी घासायला म्हणून आत गेले.

१६ डिसेंबर, मंगळवार

हे लिहायला हात उठत नाही.

चरबी वाढली आहे. उतरली नाही, वाढली. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही चित्रं शेजारी लावून दाखवली. मी म्हटलं, मी काही खाल्लंच नाही हो. त्यांनी मला त्या मुलीकडे पाठवलं.

ती म्हणाली, दिवसभरात काय घेता ते सांगा. मी छातीठोकपणे सांगितलं. तेल नाही, लोणी नाही, दूध नाही, अंडं नाही. फक्त फळांचा रस, मध घालून, मोठ्या बाटल्या. ती ऐकत राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं. हळूच सांगायला लागली की फळ चावून खाल्लं असतं तर काही बिघडत नव्हतं. पण बाटलीभर रस म्हणजे टोपलीभर फळांची साखर एका घोटात, वर मध. फळातली, मधातली ती साखर अंगाला दुसरीकडे फारशी वापरता येत नाही. ती यकृताच्या दारात येऊन पडते, आणि यकृत बसून तिची चरबी करतं. तेलाचा थेंब न खाता चरबी तयार होते. वजन उतरलं ते मांसाचं. म्हणाली, तुम्ही दंड बघितलेत का तुमचे?

मी विचारलं, आता नीट वागले तर किती दिवस? चार-सहा आठवडे. मी विचारलं, त्याच्याकडे आहेत का तेवढे? ती म्हणाली, ते मला सांगता येणार नाही. मग मी तिला हात जोडून सांगितलं की रसाचं माझ्या घरी कोणाला कळता कामा नये. ती म्हणाली, इथलं मी कोणाला सांगत नाही.

बाहेर बाकावर भावजय बसली होती. मांडीवर छकुली, खांद्याला पिशवी, पिशवीत आजची बाटली. तिने माझं तोंड बघितलं आणि उभी राहिली. काय झालं ताई? माझ्या डोक्यात काही आखलेलं नव्हतं. त्या बाटलीचं झाकण तिने घट्ट लावून वर फडकं बांधलं होतं, सांडू नये म्हणून. ते बघितलं आणि तोंडातून निघून गेलं.

"वाढली. मीच चोरून खात होते. नाटकगृहात रोज केक असतात, मला राहवलं नाही."

 ती बाळ सावरत खाली बसली. मी तिला घरी सोडते म्हटलं तर नको म्हणाली.

१७ डिसेंबर

सकाळी ती आली नाही. बाटली नाही. बरं झालं, माझी एक पंचाईत टळली. दोन अंडी उकडून खाल्ली. मग नदीपर्यंत भरभर चालत गेले आणि आले.

मी काय मूर्ख. ती पोरगी सांगत होती अंडी खा, दाणे खा. मला सगळं येतं ना, पोटं शिवते ना मी. भावजय रस आणायची, पण बाकी सगळं बंद करून फक्त त्यावर राहायला तिने कुठे सांगितलं होतं? चूक माझीही आहेच. म्हणजे मी बोलले ते अगदीच खोटं नाही. असं स्वतःला सांगतेय.

२० डिसेंबर, शनिवार

ढोल्याला पुन्हा भरती केलंय. भावजय मला बघून उठून बाहेर गेली. तो डोळे मिटून पडला होता. मला वाटलं झोपलाय. तर म्हणतो, "ताई, तू आणि चोरून केक? तुला खायला बसवायला आई काठी घ्यायची."

मी म्हटलं, वय झालं, बदलले.

"रसाने झालं ना?"

मी त्याचं पांघरूण नीट केलं. त्याला त्या मुलीने सांगितलं नाही; मी रोज रस नेऊन देत होते तरी ताईंनी केक खाल्ले, असं भावजय त्याच्यापाशी रडली, त्यावरून त्याने आपलं आपण जुळवलंय. त्याला रस कधीपासून मनाई आहे, का आहे, ते त्याने विचारून घेतलं होतं. आमच्यात एवढा एकच होता की जो विचारायचा. मी रस पिते हे त्याला आधी माहीत असतं तर त्याने तेव्हाच थांबवलं असतं. पण तोवर भावजयीने त्याला सांगितलंच नव्हतं. ताईंची चरबी उतरली की सांगेन म्हणे, त्याला आनंद होईल.

मग म्हणाला, "तिला कधी कळू देऊ नकोस. मी गेलो तर तिला पोर वाढवायचंय. हे ओझं घेऊन तिला उभं राहता येणार नाही."

मी म्हटलं, जाण्याची भाषा करू नकोस, मी चालतेय रोज. तो म्हणाला, "ती तुझ्यावर राग काढेल. बोलेल तुला." काढू दे म्हटलं. सोसेल तुला? मी म्हटलं, मला काय धाड भरलीय. तो हसला आणि मग रडला. मी त्याचं तोंड पुसलं. लहानपणी पुसायची तसंच, पदराला थुंकी लावायची तेवढी राहिली.

२९ डिसेंबर

चालते. खाते. अंडी, डाळ, हिरवा पाला, मूठभर दाणे. चहा बिनसाखरेचा, कडू जहर. पोटं शिवायचं काम थांबवलंय, नाटकवाले कुरकुरतात. चालताना पायांना सांगत असते, चला रे, चला. आणखी दोन आठवड्यांनी सोमवारी तपासणीची वेळ मिळाली आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तोवर त्याला टिकवायचा आमचा प्रयत्न आहे.

भावजय माझ्याशी बोलत नाही. परवा छकुलीला घ्यायला हात पुढे केले तर तिने तिला दुसऱ्या कडेवर घेतलं. मुद्दाम असेल किंवा नसेलही. काल इस्पितळात मी पेरू खात होते, साधा, चावून, तर तिने माझ्याकडे असं बघितलं की मी तो पिशवीत टाकला.

३ जानेवारी

पोटातल्या पाण्याला संसर्ग झाला. अतिदक्षता विभागात नेलंय. आत एकेकालाच सोडतात. ती बसते. मी बाहेर असते. तिला जेवायला जा म्हटलं तर ऐकू आलं नाही असं करते. मग मी नर्सबाईंकरवी निरोप पाठवते आणि तेव्हा जाते.

६ जानेवारी

ढोल्या गेला. माझा ढोल्या गेला.

१२ जानेवारी, सोमवार

आज काय केलं मी, मलाच कळत नाही. सकाळी उठले, अंडी उकडली, खाल्ली. बूट घातले. आणि तपासणीच्या वेळेला इस्पितळात जाऊन उभी राहिले. वेळ रद्द करायची असते हे मला ठाऊक होतं. पण इतके दिवस या सोमवारसाठीच उठत होते. दुसरीकडे जायला कुठे होतं?

तिथल्या माणसाला काही माहीत नव्हतं. त्याने मला यंत्राखाली झोपवलं, श्वास धरा म्हणाला, सोडा म्हणाला. मग पडद्याकडे बघून खूश झाला. छान उतरली आहे हो चरबी, म्हणाला, आता तुम्ही देऊ शकाल, अभिनंदन. मी आभार मानले. कपडे नीट केले. जिन्यात बसून इतकी रडले की एका आयाबाईने पाणी आणून दिलं.

१५ जानेवारी

भावजय आली होती. दारात मी तिला बघून इतकी हरखले की ये म्हणायचंसुद्धा सुचेना. छकुली पोटाशी बांधलेली, झोपलेली. चेहरा ओढलेला, कपडे सैल. कितीतरी वाळली आहे. खाते की नाही कोण जाणे.

बसली नाही. म्हणाली, इस्पितळातून फोन आला होता. तिथल्या कचेरीत कोणाला तरी तो गेल्याचं कळलेलंच नव्हतं, ढोल्याच्या नंबरावर त्यांनी कळवलं, की तुमच्या पेशंटच्या बहिणीचा अहवाल चांगला आलाय, शस्त्रक्रियेची तारीख ठरवायला या. तो फोन आता तिच्याकडे असतो.

मला जागच्या जागी मरण यावं असं वाटलं. त्या सोमवारी मी घरात का नाही बसले?

ती म्हणाली, "म्हणजे जमत होतं तुम्हाला."

मी हो म्हटलं.

"चार आठवड्यांत जमलं. मग आधीचे चार आठवडे काय केलंत? मी रोज तुमच्या दारात येत होते. माझ्या तोंडाकडे बघून तरी…"

तिला सगळं सांगून टाकावं असं एकदा अगदी ओठांवर आलं. तिने मला पुन्हा जवळ घ्यावं, मी तिच्याजवळ ढोल्यासाठी रडावं, एवढंच मला हवं होतं. दुसरं माझं कोण आहे आता? मी तिच्याकडे बघितलं. रागाने थरथरत होती, पण दोन पायांवर उभी होती. बाळाच्या डोक्याला हात लावून उभी होती.

मी म्हटलं, "जिभेला आवरता आलं नाही गं. माझी चूक."

 तिने झोपलेल्या छकुलीची टोपी नीट केली आणि अगदी शांतपणे म्हणाली, "ही मोठी झाली आणि बाबा कुठे गेला विचारलं, तर मी हिला खरं सांगणार आहे. तुझ्या आत्याला खाणं सोडवलं नाही म्हणून गेला."

मी म्हटलं, "सांग."